एक मिलिमीटरची तक्रार

लाकडी पट्ट्यांच्या कयाकमध्ये दोन पट्ट्यांच्या मधे राहिलेल्या फटीतून पाणी आत येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना तुम्हाला वाटेल की कोणाच्या तरी जिवाचा प्रश्न आहे. तसा असता तर बरं झालं असतं. जिवाचा प्रश्न म्हटला की लोक निदान चौकशी तरी करतात. इथे बाहेरून फायबरग्लासचं कापड चढतं, आतूनही चढतं, दोन्हींत इपॉक्सी मुरवतात आणि पाणी अडवायचं काम हे दोन थर करतात. त्या दोघांना एकमेकांपासून लांब ठेवणं एवढंच मधल्या लाकडाचं काम. फट राहिली काय नि बुजली काय, तळ्याला त्याचं सोयरसुतक नाही. बुजवायची ती दिसते म्हणून. माझी तक्रार इथून सुरू होते.

ज्यांचा या उद्योगाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एका सरळ तुळईवर साधारण फुटाफुटाच्या अंतराने प्लायवूडचे साचे उभे करायचे. त्यांच्यावरून ६ मिलिमीटर जाड आणि १९ मिलिमीटर रुंद अशा तांबड्या सीडरच्या लांबलचक पट्ट्या एकीला एक चिकटवत जायचं. कॅनडा-अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचं हे झाड. लाकूड वजनाला हलकं, वासाला छान आणि रंगाला लहरी. पट्टीची एक कड गोल तासलेली असते, दुसरी तेवढीच खोलगट. गोल कड खोलगट कडेत बसते, पट्टी हवी तशी वळते आणि फट राहत नाही. नकाशात तरी असंच दिसतं. नकाशातल्या पट्टीला पीळ पडत नाही, ही नकाशाची मोठी सोय आहे.

कयाकच्या पोटाशी आडवी असलेली पट्टी टोकाकडे जाताना हळूहळू उभी व्हावी लागते. तिला ते मान्य नसतं. लग्नाच्या फोटोत रुसलेले काका उभे राहतात तशी ती राहते. रांगेत आहे, पण शेजाऱ्याला खांदा लागू देत नाही. क्लॅम्प लावा, दोरी आवळा, स्टेपलची पिन मारा. गोंद ओला आहे तोवर पट्टी सगळ्याला होकार देते. सकाळी क्लॅम्प सोडला की अर्धा मिलिमीटर मागे सरकून उभी.

ही फट निदान तोंडावर सांगून येते. लबाड फट रंधा मारल्यावर बाहेर पडते. खोलगट कडेचे दोन्ही ओठ टोकाला कागदाएवढे पातळ असतात. पट्टी कोपऱ्यात उभी करताना, दारातून आत आणताना, नुसती उचलताना त्यांचे टवके उडतात. वरून गोंद असतो, खडबड असते, म्हणून तेव्हा काही कळत नाही. मग सगळा पृष्ठभाग एकसारखा करायला तुम्ही प्रेमाने रंधा फिरवता, पॉलिशपेपर मारता, हात फिरवून बघता, आणि काल जिथे सलग लाकूड होतं तिथे आज बोटभर लांबीची काळी रेघ असते. तिला काळी का म्हणायचं? आतल्या अंधारामुळे. कयाकच्या आत अंधार असतो हे इतके दिवस कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

शिवाय हवामान. आमच्या ओंटारिओत ऑगस्ट दमट असतो आणि जानेवारीत हीटरच्या हवेने सगळं खडखडीत वाळतं. लाकूड लांबीत फारसं बदलत नाही, रुंदीत बदलतं, आणि फट नेमकी रुंदीच्या दिशेला असते. सीडर इतरांपेक्षा कमी आकसतो असं पुस्तकात असतं. कमी म्हणजे किती, ते जानेवारीत कळतं.

स्टेपलच्या भोकांबद्दल मी बोलणार नव्हतो, पण विषय निघालाच आहे. पट्टी साच्यावर धरून ठेवायला मारलेल्या पिना काढल्या की प्रत्येक साच्याच्या जागी भोकांची एक शिस्तबद्ध ओळ उरते. त्यावर उपाय आहे. ओलं फडकं ठेवून त्यावर गरम इस्त्री टेकवली की लाकूड फुगतं आणि भोक बरंचसं मिटतं. घरातली इस्त्री या कामासाठी गॅरेजमध्ये नेल्यावर काय होतं, ते या लेखाच्या कक्षेत येत नाही. पिना अजिबात न मारता, नुसत्या क्लॅम्प, टेप आणि रबरी दोऱ्यांवर कयाक बांधणाऱ्यांचा एक पंथही आहे. ते लोक भेटले की आधी हे सांगतात, मग नाव सांगतात.

या सगळ्याचा दोष इनुइट लोकांच्या माथी मारता येत नाही, याचं मला वाईट वाटतं. कयाक त्यांची. पण त्यांनी वाहून आलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा केला आणि त्यावर सीलचं कातडं ताणून चढवलं. कातडं शिवायचं काम बायका करत, आणि अशा टाक्याने करत की त्या शिवणीतून बर्फाळ समुद्राचं पाणी आत येत नसे. तिथे चूक झाली तर घरधनी परत येत नसे, त्यामुळे कामात हयगय नव्हती. फळी नाही, पट्टी नाही, म्हणून फट नाही. हजारो वर्षं ठीक चाललेल्या वस्तूत पट्ट्या आणल्या त्या पुढच्या लोकांनी. आमच्याच प्रांतात पीटरबरो म्हणून गाव आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे सीडरच्या पट्ट्यांच्या कॅनू बांधायचा मोठा धंदा होता. तिथल्या कॅनू संग्रहालयाची नवी इमारत २०२४ मध्ये तळ्याकाठी उघडली आणि संग्रहात ६०० हून जास्त नावा आहेत. इतर लोक तिथे इतिहास बघतात. माझ्यासारखे लोक नावेच्या कडेला नाक लावून तिरक्या उजेडात जोड तपासतात आणि रखवालदाराने दोनदा खाकरल्यावर पुढे सरकतात. टेड मूर्स यांचं ‘कॅनूक्राफ्ट’ हे पुस्तक १९८३ मध्ये आलं. ते वाचून कितीतरी सज्जन माणसांनी आपली गाडी बर्फात उभी केली आणि गॅरेज नावेला दिलं.

मालवणच्या मामांना फोनवर ही अडचण सांगितली. त्यांचा जन्म होड्यांमध्ये गेलाय. ते म्हणाले, “पाण्यात घाल रे मेल्या. लाकूड फुगला काय फट आपसूक बुजतली.” मामांचं बरोबर आहे. फळ्यांच्या जुन्या होड्यांचं असंच असतं. फटीत कापूस ठासायचा, होडी पाण्यात ठेवायची, लाकूड पाणी पितं आणि फळ्या एकमेकींना घट्ट धरतात. माझ्या लाकडाला पाण्याचा थेंब मिळणार नाही, अशी व्यवस्था मी महागडं इपॉक्सी विकत आणून केलेली आहे. ते फुगणार नाही. फट आज जेवढी आहे तेवढीच राहणार, वर पारदर्शक थर, त्यावर व्हार्निशची चमक. संग्रहालयात नाणी ठेवतात त्याहून जास्त काळजीने मी माझ्या फटी जतन केलेल्या आहेत. मामांना हे समजावून सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी पाऊस कसा आहे ते विचारलं.

आता बुजवण्याकडे वळू. आपल्याकडे सुतार काय करतो ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. फेविकॉल घेतो, खाली पडलेला भुसा त्यात कालवतो, अंगठ्याने फटीत दाबतो. मागून पॉलिशवाला येतो, पिवडी किंवा गेरू टाकून लांबी भरतो, आणि दोघे चहाला जातात. कपाट पंचवीस वर्षं उभं राहतं. त्या कपाटाजवळ जाऊन तिरक्या नजरेने जोड बघणारा पाहुणा अजून जन्माला यायचाय.

सीडरवर हे चालत नाही. गोंद फटीत जातो तसा आजूबाजूच्या लाकडातही जातो, आणि तेव्हा काही दिसत नाही. पॉलिशपेपर मारल्यावर सगळं स्वच्छ वाटतं. मग इपॉक्सीचा पहिला हात फिरतो. लाकूड त्या क्षणी गडद होतं, मधासारखी झाक येते, आणि गोंद प्यायलेली जागा तेवढी फिकट राहते, कारण तिथे इपॉक्सी शिरतच नाही. अंगठ्याचा ठसा इतका स्पष्ट उमटतो की आधार कार्डाच्या वेळी यंत्राने तो का नाकारला होता, कळत नाही.

दुसरा मार्ग दुकानातल्या तयार लांबीचा. डब्यावर ‘सीडर’ असं लिहिलेलं असतं. कोणता सीडर, हे दुकानदारालाही माहीत नसतं. कोरडी असताना ती लाकडाशी अशी जुळते की माणूस बायकोला हाक मारतो. इपॉक्सी लागलं की लाकूड दोन छटा खाली उतरतं आणि लांबी होती तिथेच थांबते. काळी रेघ होती तिथे आता गुलाबी रेघ. बायकोला पुन्हा हाक मारायची गरज पडत नाही, तिचं लक्ष असतंच.

तिसरा मार्ग जाणकारांचा. सँडरच्या पिशवीतला भुसा घ्यायचा. त्याच झाडाचा, त्याच फळीचा, त्या फटीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांचा. म्हणजे याहून जवळचं रक्ताचं नातं संभवत नाही. तो इपॉक्सीत कालवला की चॉकलेटी होतो. त्याचं कारण साधं आहे: बारीक पुडीच्या प्रत्येक कणात चहूबाजूंनी इपॉक्सी शिरतं, पट्टीत ते वरच्यावरच थांबतं. कारण कळल्याने रंग बदलत नाही. सिलिकाची पांढरी पूड घातली तर मिश्रण फिकं होतं, पण धुरकट दिसतं. मग कोणी मेपलचा भुसा सुचवतो, कोणी पाइनचा. काही महिन्यांनी गॅरेजच्या फळीवर बरण्यांची रांग असते. प्रत्येकीवर झाडाचं नाव. सासूबाई पहिल्यांदा गॅरेजमध्ये आल्या तेव्हा त्यांनी एक बरणी उघडून वास घेतला आणि “जावईबापू, ही जिरेपूड लवकर वापरा, वास गेलाय,” असं सांगितलं.

आणि हे मिश्रण वापरायला सवड किती? माझ्याकडचं इपॉक्सी पाचाला एक या प्रमाणात कालवायचं असतं. जलद हार्डनर असेल तर उबदार दिवशी भांड्यात ते दहा-बारा मिनिटं टिकतं. एका हातात भांडं, दुसऱ्या हातात आइसक्रीमची काडी आणि डोळे फटीच्या शोधात. आदल्या रात्री डोळ्यांत खुपत असलेल्या फटी यावेळी सापडत नाहीत. तेवढ्यात भांडं तापतं. मिश्रण साचून राहिलं की ते स्वतःच्याच उष्णतेने भडकतं, घट्ट होतं, कधी धूरही सोडतं. पसरट ताटलीत ओतलं तर जास्त टिकतं. ताटली कुठून आणायची, हाही विषय इस्त्रीच्या शेजारी ठेवू.

हे सगळं जमलं असं धरा. रंग कोणाशी जुळवायचा? सीडर एकाच फळीत गवताच्या काडीसारखा पिवळट असतो, मधे विटकरी असतो, कुठे चक्क तपकिरी. बांधणारा हौसेने फिकी पट्टी आणि गडद पट्टी शेजारी शेजारी लावतो, कारण नकाशात ते छान दिसलेलं असतं. फट या दोघींच्या मधे पडते. गडदशी जुळवलं तर फिकी वाकडी दिसते, फिकीशी जुळवलं तर गडद. जाणते म्हणतात, गडद बाजू धरा, म्हणजे ती त्या पट्टीची कड वाटते. सल्ला चांगला आहे. फक्त पुढच्या दोन उन्हाळ्यांत लाकडाचा रंग उन्हाने आणखी बदलतो आणि लांबीचा बदलत नाही, हे ते नंतर सांगतात.

खरा उपाय एकच आहे, आणि तो खरा आहे म्हणूनच मला त्याचा राग येतो. त्याच पट्टीच्या उरलेल्या तुकड्यातून रंध्याने एक ढलपी काढायची. ती फटीएवढी रुंद लागत नाही, किंचित निमुळती लागते. रेझरने दोन्ही बाजू तासायच्या, तंतूंची दिशा पट्टीच्या दिशेला ठेवायची, कडेला सुईच्या टोकाने गोंद लावायचा आणि चिमट्याने फटीत सरकवायची. अर्धी आत जाते. बोटाने दाबली तर मोडते. न दाबली तर गोंद लागलेल्या चिमट्याला चिकटून बाहेर येते. ती जमिनीवर पडली तर सोडून द्यायची, कारण खाली तशाच दिसणाऱ्या असंख्य ढलप्या पडलेल्या असतात आणि त्यांतली आपली ओळखणं कोणाच्या बापाला शक्य नाही. ती बसली, की लाकडाच्या ठोकळ्याने हलकी टिचकी मारायची, थांबायचं, दुसऱ्या दिवशी वर आलेला भाग पटाशीने कापायचा आणि पॉलिशपेपर मारायचा. फट नाहीशी होते. इतकी नाहीशी होते की एवढं काम केलेलं आहे हे कोणाला दाखवताही येत नाही. मी जागा दाखवतो. पाहुणे वाकून बघतात आणि “इथे तर काहीच नाही,” म्हणतात. एक संध्याकाळ खर्चून मिळवलेलं प्रमाणपत्र ते हेच.

अगदीच दिसण्यासाठी म्हणालो, ते पूर्ण खरं नाही. एक तांत्रिक कारणही आहे, आणि वादविवादात ते फार उपयोगी पडतं. फटी उघड्या ठेवून वर कापड पसरलं आणि इपॉक्सी ओतलं, तर ते फटीतून आत गळतं. वर कापड कोरडं पडतं, पांढुरकं दिसतं. आत थेंब लोंबकळून दगडासारखे होतात आणि नंतर ते अंग चोरून आत वाकून खरवडावे लागतात. शिवाय सकाळी काम सुरू केलं आणि दिवस तापत गेला की लाकडातली हवा प्रसरण पावते आणि नेमकी फटीवर बुडबुडे काढत बाहेर येते. म्हणून कापड चढवायचं ते संध्याकाळी, तापमान उतरताना. इतर माणसं तेव्हा बार्बेक्यूला बोलावतात. दोन वर्षं “आज इपॉक्सी आहे” असं सांगितल्यावर बोलावत नाहीत. इपॉक्सी हा माझा आजार आहे अशी शेजारच्या आजींची समजूत आहे, आणि त्या फार प्रेमाने चौकशी करतात.

आजारावरून आठवलं. तांबड्या सीडरच्या भुश्यात प्लिकॅटिक आम्ल असतं आणि त्याने काही जणांना खरोखरचा दमा होतो. ब्रिटिश कोलंबियातल्या लाकूड गिरण्यांतल्या कामगारांमध्ये तो डॉक्टरांना पूर्वीपासून माहीत आहे. चांगला मास्क लावा. हे मी उपरोधाने म्हणत नाही.

माणसांबद्दल आता थोडं. लाकडी कयाक घरात आहे म्हटल्यावर माणसं बघायला येतात. महाराष्ट्र मंडळातली येतात, ऑफिसमधली येतात, कोणाकडे भारतातून आलेले आईवडील असले तर त्यांना नायगारा दाखवून झाल्यावर इकडे आणतात. सतरा फूट लांब वस्तू. टोकापासून टोकापर्यंत एकही सरळ रेघ नाही. एवढ्या लाकडात माणूस दारातून आत येतो, चपला काढू का विचारतो, दोन पावलं चालतो आणि बोट ठेवतो. नेमकं तिथेच. “इथे जरा राहिलंय का हो?” आवाजात काळजी असते. डोळ्यांना चष्मा असलेले काढून बघतात, नसलेले खिशातून मोबाइल काढून टॉर्च लावतात. एका गृहस्थांनी तर टॉर्च आतून लावला आणि सगळ्यांना बाहेरून बघायला बोलावलं. गॅरेजचा दिवा बंद करायची सूचना त्यांच्या सौभाग्यवतींची. कयाकच्या कुशीत लांबच लांब सोनेरी रेघा उजळल्या, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि “वा, हे मुद्दाम केलंय का?” असं कोणीतरी विचारलं. मी हो म्हणालो.

फटी शोधायची ही क्षमता माणसात इतरत्र दिसत नाही. हेच लोक फ्लॅटचा ताबा घेताना भिंतीतली भेग बघत नाहीत, कारण तिथे बिल्डर उभा असतो. माझ्याकडे रागवायची सोय नाही, कारण ते माझे पाहुणे आहेत आणि चिवडा आणलेला असतो.

काही लोक व्यवहारी सल्ला देतात. “रंगवून टाक की. पांढरी.” वरवर निरुपद्रवी वाटणारं हे वाक्य. रंग दिला की फट, लांबी, गोंदाचे डाग, अंगठ्याचा ठसा, स्टेपलची भोकं, सगळं एका दुपारी संपतं. आणि मग ती प्लास्टिकची दिसते. प्लास्टिकची कयाक दुकानात तयार मिळते, स्वस्त मिळते, तिला फट नसते आणि तिला बघायला कोणी येत नाही. लाकूड दिसावं म्हणून लाकूड वापरलं, आणि लाकूड दिसतं म्हणून फट दिसते. या वादात मी हरलेलो नाही, पण जिंकल्याचंही कोणी मान्य करत नाही.

पाण्यात उतरल्यावर काय होतं, तेही नोंदवून ठेवतो. सर्वात वाईट फटी तळाला असतात, जिथे दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मधल्या रेषेवर येऊन मिळतात आणि शेवटचा तुकडा पाचरीसारखा तासून बसवावा लागतो. तो भाग पाण्याखाली जातो. वरच्या भागावर वल्हवणारा बसलेला असतो आणि त्याला पुढच्या टोकाचा थोडा भाग सोडला तर काही दिसत नाही. काठावरच्या लोकांना लांबून फक्त एक लालसर, सुंदर आकार सरकताना दिसतो आणि ते हात हलवतात. एकही जण फटीबद्दल ओरडून विचारत नाही. पाणी मधे असेल तर मनुष्यस्वभाव सुधारतो, असा माझा अनुभव आहे.

तेव्हा वाचकांना एवढीच विनंती. ओळखीत कोणी अशी नाव बांधत असेल तर जरूर जा. टॉर्च खिशातच राहू द्या. बोलायला काही सुचलं नाही तर वजन किती ते विचारा. नीट बांधलेली सतरा फुटी कयाक साधारण २० किलोची होते, हे सांगायला तो मनुष्य पहिल्या पट्टीपासून तयार बसलेला असतो, आणि आजवर त्याला ते कोणी विचारलेलं नाही.